हंगाम सरेपर्यंत

तानाबाई भाकरी घेऊन गुऱ्हाळावर पोचली तेव्हा उसाच्या रसाची दिवसातली दुसरी काहील उकळीला आली होती, आणि गुळव्या जागेवर नव्हता.

असं कधी होत नसे. रसाला उकळी फुटली की आकाराम काहिलीपासून हलायचा नाही. कमरेला पंचा, हातात लांब दांड्याचा झारा, तोंडावर वाफ. कुणी हाक मारली तरी मान वळवायचा नाही. आसपासच्या गावांत चार गुळवे होते, पण हंबीररावांच्या गुऱ्हाळावरची ढेप कोल्हापूरच्या पेठेत फोडली की अडते चव न घेताच सांगायचे, ही आकारामच्या हातची.

"ह्ये कुठं गेल्यात?" तिनं विचारलं. कडेवर तीन वर्षांची शेवंता, डोक्यावर पाटी.

जोतीराम काहिलीखालच्या चुलवाणाच्या तोंडाशी उकिडवा बसून आत चिपाड ढकलत होता. त्याच्या भुवया जळून जळून नाहीशा झालेल्या. "राखंकडं गेलाय. दिसातनं धा-बारा येळा जातोय. वैनी, ताक पाज की त्येला. इस्तवापुढं उभा ऱ्हाऊन उष्णता झालीया दुसरं काय."

गुऱ्हाळाच्या मागं राखेचा ढीग होता, पुरुषभर उंच. तानाबाई वळसा घालून गेली आणि थबकली. आकाराम पाठमोरा उभा होता. बराच वेळ उभा होता. मग त्यानं पायानं राख ओढली, मांजर ओढतं तशी, आणि न बघता परत गेला.

तिनं शेवंताला खाली ठेवलं. एक चिपाड घेतलं आणि तिथली राख उकरली. राख सगळं पिऊन टाकते. वर ती करडीच होती. पण खाली ओल काळपट होती आणि तिच्यात करवंदाएवढ्या दोन गुठळ्या. तिनं एक चिपाडानं चेंबली. चिपाडाचं टोक तांबडं झालं.

आषाढात पहिल्यांदा लघवीला लाल दिसलं होतं. दुखत नव्हतं, ताप नव्हता. मागचा सारा हंगाम माणूस इस्तवापुढं उभा, म्हणजे उष्णताच, असं सगळ्या गावानं एका तोंडानं सांगितलं. सासूनं, धोंडुबाईनं, धने-जिऱ्याचं पाणी दिलं, सब्जा दिला, कंबरभर पाण्यात पंचगंगेत बसवलं. पंधरा दिवसांत थांबलं. धोंडुबाई वाड्यावस्त्यांवर सब्जा सांगत फिरली. मग पुन्हा आलं, पुन्हा सब्जा, पुन्हा थांबलं. भादव्यात गुठळी अडकून लघवी तुंबली, गुरासारखा ओरडला, तेव्हा कुठं थोरल्या भावानं, केरबानं, त्याला मिरजेला नेलं. डॉक्टरांनी दुर्बीण घालून आतली गाठ जाळली होती. आणि दारात उभ्या असलेल्या तानाबाईकडे बघून म्हणाले होते, "पुन्हा लाल दिसलं तर त्याच आठवड्यात या. दुखत नाही म्हणून थांबू नका. दुखेल तेव्हा उशीर झालेला असेल."

काहील उतरल्यावर आकाराम पाचटावर जेवायला बसला. तिनं भाकरीवर खरडा ठेवला आणि विचारलं, "कवाधरनं?"

"काय कवाधरनं?"

"राखंत बघिटलं म्या."

त्यानं घास तोंडाजवळ नेला होता, तो खाली ठेवला. "दिवाळीधरनं."

"दोन म्हयनं झालं की वो."

"हंगाम सरंपातूर बोलू नगंस कुणाजवळ. शिमगा झाला की जाऊ."

"डागदर म्हणालतं, त्याच आठवड्यात."

"डागदराला गुऱ्हाळ हाय का?" त्यानं पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिता परत ठेवला. पाणी प्यालं की जावं लागतं, म्हणून तो हल्ली पीत नसे, हे तिच्या आता ध्यानात आलं. ओठांना पापुद्रे आले होते.

"सुक्कुरवारी मिरजंला चला," ती म्हणाली. "न्हाईतर मी हंबीररावास्नी हितं समद्या गड्यांम्होरं सांगती, राखंत काय हाय त्ये."

"सांगशील?"

"सांगीन."

लग्नाला पाच वर्षं झाली होती. कोल्हापूर संस्थान विलीन झालं त्या उन्हाळ्यातलं लग्न. पाच वर्षांत तिनं त्याला चढ्या आवाजात मीठ हवं का म्हणूनही विचारलं नव्हतं.

शुक्रवारी ते आगगाडीनं मिरजेला गेले. केरबा बरोबर होता, कारण डॉक्टरांशी बोलायला बाप्यामाणूस लागतो. दुर्बीण घातली. आकाराम आत खाटेवर पडून राहिला, आणि केरबाला डॉक्टरांनी खोलीत बोलावलं. तानाबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली. शेवंता तिच्या मांडीवर झोपेला आली होती, पण तिनं तिला थोपटलं नाही. ती दाराखालच्या फटीतून केरबाच्या वहाणा बघत होती. आधी त्या सरळ होत्या. मग एक दुसरीवर चढली. मग कितीतरी वेळ हलल्याच नाहीत.

बाहेर येऊन केरबानं तोंड पुसलं. फाटकाशी जाऊन फुटाण्याची पुडी आणली आणि शेवंताच्या हातात दिली.

"काय न्हाई. परत जाळाय लागंल म्हणालं. हंगाम सरला की या म्हणालं."

केरबानं पाच वर्षांत घरातल्या कुठल्या पोराला विकतचा खाऊ दिला नव्हता. तानाबाईनं पुडीकडं बघितलं, केरबाकडं बघितलं, पोर उचललं आणि नर्सबाई नको नको म्हणत असताना दार ढकलून आत गेली.

"डागदरसाहेब, मला सांगा."

डॉक्टर म्हातारे होते. चष्मा काढून डोळे चोळत बसले होते. "तुमच्या दिरांना सांगितलं सगळं."

"त्येनी सांगितलं न्हाई."

त्यांनी चष्मा लावला. "वाचता येतं का?"

"चौथी झालीया माझी."

त्यांनी एक कागद उलटा केला आणि पेन्सिलीनं लघवीची पिशवी काढली, तिच्यावर दोन नळ्या काढल्या. गाठ आता पिशवीच्या कातड्यात शिरली आहे, म्हणाले. जाळली तर वरची जळेल, आतली राहील. मुंबईला किरणांचा लाइट देतात, जायचं तर चिठ्ठी देतो, पण ह्या गाठीला त्याचा भरवसा मी देणार नाही. तिसरा उपाय म्हणजे सगळी पिशवीच काढायची. त्यांनी पिशवीवर फुली मारली.

"मग मुताय कुठनं?" तिनं विचारलं. लाजायला वेळ नव्हता.

"ह्या दोन नळ्या आतड्याला जोडायच्या. लघवी शौचाच्या वाटेनं येईल. बसून करावी लागेल. दर तीन-चार तासांनी. रात्री कधी कधी कळायच्या आत होईल."

"जगतील?"

"दहांतले दोघं ऑपरेशननंतर वाचत नाहीत. बाकीच्यांतले काही जण बरीच वर्षं काढतात, काहींना पुन्हा होतं. खोटं सांगत नाही."

"न्हाई केलं तर?"

"वर्ष. दीड म्हणा. शेवटचे महिने वाईट जातील."

"कवा करायचं?"

"महिन्याच्या आत. त्यानंतर मी हात लावणार नाही." ते थांबले. शेवंता फुटाणा चोखत त्यांच्या पेन्सिलीकडं बघत होती. "एकच का मूल?"

"व्हय."

"हिच्या पाठीवर दुसरं होणार नाही. नवरा-बायकोचं म्हणून जे असतं, ते ह्यानंतर राहत नाही. कळतंय ना, मी काय म्हणतो?"

तिनं मान हलवली. ती उठली तेव्हा त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात एक नाव लिहून दिलं. "हुपरीला हा पैंजणं घडवतो. दोन वर्षांपूर्वी ह्याचं केलं. माझ्यापेक्षा तो बरं सांगेल."

घरी आल्यावर तीन दिवस त्याच विषयाभोवती सगळे फिरत राहिले, घाण्याच्या बैलागत. धोंडुबाई जात्याजवळ बसून बोले, केरबा उंबऱ्यावर. आकारामला पिशवीचं सांगितलं होतं. पाठीवर दुसरं मूल नाही, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. तानाबाईच्या तोंडून ते निघेना.

"म्या खोटं बोललो व्हय? बोललो," केरबा म्हणाला. "बाप्या मानसानं बायकासारकं बसायचं, त्येबी मागनं? ह्येच्यापरीस चुलवाणात उडी घ्यावी मानसानं."

"धातलं दोन मरत्यात म्हणालाय डागदर," धोंडुबाई सुनेकडं न बघता म्हणाली. "हिला घाई झालीया नवरा कापायची. सब्जानं दोनदा थांबलंया की नीट."

"आत्ती, सब्जानं न्हवं. त्ये आपसूक थांबतंय अन् आपसूक येतंय."

"लई शाणी. चौथी शिकलीया न्हवं."

आकाराम पहाटे उठून गुऱ्हाळावर जाई. तीन काहिली उतरवून येई, भिंतीला पाठ लावून बसे. त्याच्या पोटऱ्या वाळत चालल्या होत्या. तानाबाई धुणं धुताना त्याचं धोतर आधी काढून, दगडाच्या आडोशाला, एकटी धूत असे. शेजारणी बोलायच्या थांबत.

चौथ्या दिवशी हंबीरराव स्वतः दारात आले. केरबानं घोंगडं अंथरलं. आकाराम त्यांच्यासमोर उभा राहिला, तेवढ्यात त्याला जावं लागलं, परसात जाऊन आला, पुन्हा उभा राहिला. तेवढा वेळ हंबीरराव आढ्याकडं बघत होते.

"आकाराम, माझा दीडशे गाडी ऊस उभा हाय. तू गेलास तर गूळ काळा पडतोय. पाडव्यापातूर ढकल. पाडवा झाला की मी माझी मोटार काढतो. मिरजंला न्हवं, म्हमईला नेतो तुला."

आकारामचा चेहरा उजळला. गावात मोटार एकच होती आणि तिच्यात कुळांपैकी कुणी बसलं नव्हतं.

"पाडव्याला तीन म्हयनं हाईत," दाराआडून तानाबाई म्हणाली. "डागदरनं येक दिलाय."

हंबीररावांनी पानाची चंची उघडली. "तुझं घर बोलाय लागलं की रं," ते हसून म्हणाले. आकारामची मान खाली गेली. हंबीरराव गेल्यावर त्यानं तिच्याकडं बघितलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

पण अवसेला गुऱ्हाळ बंद असतं. त्या सकाळी तिनं शेवंताला सासूजवळ ठेवलं आणि म्हणाली, "हुपरीला येताय का? बघून येऊ. बघाय काय जातंय?"

तो उठला. का उठला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

एसटीत त्यानं तीन वेळा गाडी थांबवायला लावली. तिसऱ्यांदा कंडक्टर म्हणाला, "पावणं, गाडी तुमच्या बाची हाय का?" मागचे हसले. आकाराम बाभळीआडून पंचा सावरत आला आणि पुढं सरकून बसला. तानाबाई खिडकीबाहेर बघत राहिली, आपण ऐकलंच नाही अशी.

चिठ्ठीवरल्या कृष्णाताचं घर शोधायला वेळ लागला नाही. गल्लीभर ठोकायचा आवाज चालला होता. सोप्यात शेगडीपुढं तो बसला होता, फुंकणी तोंडात, चांदीच्या कड्यांना डाग देत, जोड सांधत. जाडजूड, पन्नाशीचा, मिशा पिकलेल्या. मिरजेचं नाव निघताच त्यानं फुंकणी खाली ठेवली.

"बसा. तुमची पिशवी जायाची का ऱ्हायाची?"

आकाराम लाजला. "अजून ठरलं न्हाई."

"माझं ठराय दोन म्हयनं गेलं. समद्यास्नी इचारलं. म्हसोबालाबी इचारलं. त्यो काय बोलला न्हाई, त्येला बसून करायची पाळी आली न्हवती न्हवं." तो स्वतःच हसला. "आईका. मुताय मागं, बाकी समदं म्होरं. खातोय, घडवतोय, भांडतोय. दर तीन तासानं उठायचं. लोकं म्हणत्यात कृष्णाताला हगवण लागलीया. म्हणूद्यात. मी म्हणतो, व्हय, लागलीया, तुमच्या आमटीनं."

आकाराम पहिल्यांदा हसला. मग विचारलं, "दुखतंय?"

कृष्णाताचं हसू गेलं. "पैला म्हयना मरावं वाटतंय. बायकोला म्हणालतो, फुंकणी घाल डोक्यात." त्यानं कडं शेगडीत परत सरकवलं. "माझ्या संगं खाटंवर एक निपाणीचा हुता. त्यो न्हाई उठला. ह्येबी सांगतो. फकस्त गोडच सांगिटलं तर उद्या शिव्या घालचीला."

आत चुलीपुढं त्याची बायको अंबूबाई चहा ठेवत होती. तानाबाई तिच्याजवळ बसली. परसात दोरीवर तीन गोधड्या वाळत होत्या, त्याही अवसेच्या दिवशी, जेव्हा कुणी गोधडी धूत नाही.

"रोज?" तानाबाईनं विचारलं.

"रोजच्या रोज. रात्री दोनदा उठवायचं. न्हाई उठवलं तर गादी गेली. खायचा सोडा द्यायचा पाण्यातनं, न्हाईतर ग्लानी येती. वास येतोय, सांगती तुला. उदबत्तीनं जात न्हाई. आदी लई किळस आली. आता येत न्हाई." अंबूबाईनं चहा उतरवला. "तुला पोरं किती?"

"येकच. पोरगी."

अंबूबाईचा हात थांबला. "डागदरनं सांगिटलंय न्हवं समदं?"

"सांगिटलंय."

"माजी चार झालती. माजं वय झालतं. तुजं..." तिनं तानाबाईच्या तोंडाकडं बघितलं. "त्येला सांगिटलंस?"

"न्हाई."

"सांग. आमच्या ह्यास्नी मागनं कळालं. सा म्हयनं बोलत न्हवतं माज्यासंगं."

परसातल्या गोधड्यांकडं तानाबाईची नजर पुन्हा गेली. अंबूबाईनं ती बघितली. "धुवाय लागत्यात, म्हंजी त्यो हाय," ती म्हणाली आणि कपबशा पुसायला लागली.

परतीची एसटी फाट्यावर सोडून गेली. तिथून गाव कोसभर. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये गाडीवाट. ऊन कलतं होतं. आकाराम पुढं, ती चार पावलं मागं. कुणी येत-जात नव्हतं. ओढ्याजवळ ती थांबली.

"आवो. आनी येक हाय."

तिनं सांगितलं. डॉक्टर जसं म्हणाले तसंच सांगितलं, शब्द न बदलता, कारण आपल्या शब्दांत ते बोलताच आलं नसतं.

आकाराम ओढ्याच्या दगडावर बसला. "केरबाला ठावं हाय?"

"हाय."

"आईला?"

"भावजींनी सांगिटलंया."

"म्हंजी मलाच ठावं न्हवतं." त्यानं पायाखालचा खडा पाण्यात टाकला. "तू सव्वीस वर्साची."

"व्हय."

"येक पोरगी."

"व्हय."

"मग तुला का पायजे ह्ये? मी असाच ऱ्हायलो तर वरीसभर तरी बाप्या म्हणून ऱ्हाईन. तवर येखादं पोर तरी..."

"अन् मग?"

त्यानं दुसरा खडा उचलला, टाकला नाही.

"मग मी दोन पोरं घिऊन कपाळ पुसून बसायची, भावजीच्या हाताकडं बघत." तिचा आवाज चढला होता, तिनं तो आवरला नाही. "पोर पोर काय करताय? मला पोर पायजे, न्हाई म्हणत न्हाई. रातीला रडलीया मी त्यासाठनं. पर रांडव हुन म्हातारी हुन्यापरीस गोधड्या धून म्हातारी हुईन. धातलं दोन मरत्यात. आठ जगत्यात की. हितं ऱ्हायलासा तर धाच्या धा."

ओढ्याचं पाणी खळखळत होतं. त्याला जायला हवं होतं, तिला कळत होतं, पण तो उठेना. मग उठला. उसाच्या कडेला गेला आणि ह्या खेपेला आडोसा न घेता, राख नसलेल्या मातीवर उभा राहिला. तिनं तोंड फिरवलं नाही. तोही खाली बघत होता. माती लाल झाली.

"लई येतंय गं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती भाकरी घेऊन गेली तेव्हा चुलवाणापुढं दुसराच गडी होता आणि काहिलीजवळ जोतीराम घामाघूम उभा होता. आकाराम त्याच्या मागं, खांबाला टेकून.

"आता?" जोतीरामनं विचारलं.

"मला काय इचारतोस? घे बोटावर. पाण्यात सोड. गोळी हुतीया का?"

"हुतीया."

"कसली? लोण्याची का सुपारीची?"

"मदली हाय."

"मग अजून येक उकळी. बुडबुडं बघ, माझ्या तोंडाकडं बघू नगंस. माझ्या तोंडावर काय गूळ हाय?"

गडी हसले. जोतीरामची ती काहील थोडी जास्त शिजली, ढेप तांबूस उतरली. हंबीररावांनी संध्याकाळी तिला टिचकी मारली आणि म्हणाले, "बिघाडलास की रं धंदा." आकाराम म्हणाला, "हाप्त्यात सुधारतोय त्यो. मी आयतवारी जातोय, मालक." मोटारीचं कुणी काढलं नाही.

मिरजेला दाखल होऊन चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सकाळी ऑपरेशनला न्यायची पांढरी ढकलगाडी खाटेजवळ आली. केरबानं कागदावर सही केली होती. नाव रेघेवरून दोन ओळी खाली उतरलं होतं. शेवंता गावी होती. आकारामला हिरवा अंगरखा घातला होता, पाठीवर उघडा. तो लाजून गादीला चिकटून बसला होता.

नर्सबाईनं अंगरखा सारखा करता करता त्याच्या कमरेला बोट लावलं. "हा दोरा काढायचा."

आकारामनं करदोडा मुठीत धरला. "ह्यो ऱ्हाऊ दे."

"अंगावर काही चालत नाही आत."

"बाई," केरबा पुढं झाला, "जित्या मानसाचा करदोडा तोडत न्हाईत. मेल्यावर तोडत्यात."

"मग सोडा. पण लवकर."

तानाबाई वाकली. गाठ वर्षाची होती, घामानं आणि वाफेनं खडा झालेली. नखानं सुटेना. सगळा वॉर्ड बघत होता. तिनं पदर दातात धरला, पुन्हा प्रयत्न केला, नख मोडलं. नर्सबाईनं कात्री पुढं केली. केरबानं दोन्ही हात मागं घेतले, जणू कात्री त्यालाच देत होते.

"हिकडं आणा," तानाबाई म्हणाली.

"तू नगं," केरबा म्हणाला. "तू तर मुळीच नगं. बायकोच्या हातनं..."

"मग तुमी तोडताय?"

केरबा मागं सरला. आकारामनं मूठ उघडली आणि छताकडं तोंड केलं. तिनं कात्रीचं पातं दोऱ्याखाली घातलं, कातडीला लागू नये म्हणून एक बोट मध्ये ठेवलं, आणि दाबलं. दोरा तुटताना काही आवाज झाला नाही.

"आता लंगोट कशाला अडकवू गं?" तो म्हणाला.

"या आदी भाईर."

गाडीची चाकं करकरत व्हरांड्यातून गेली. वळणावर त्याचे पाय तेवढे दिसले, चुलवाणाच्या धगीनं करपलेले घोटे. मग दार मिटलं.

केरबा भिंतीला डोकं टेकून बसला. तानाबाई फाटकाबाहेर गेली. तिथं दुकानात काळ्या दोऱ्याची गुंडी मिळाली. ती घेऊन ती दवाखान्याच्या पायरीवर बसली, दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलं आणि मांडीवर पीळ द्यायला लागली. पेशंटांचे लोक तिला ओलांडून ये-जा करत होते.

"आतनं काय त्ये कळू दे की आदी," केरबा मागून येऊन म्हणाला.

"तवर वळून हुईल."

दोन तास झाले. तिपदरी दोरा वळून झाला. तिनं तो आपल्या पोटाशी धरून माप घेतलं. त्याची कंबर तिला ठाऊक होती. पण मागच्या वर्षीची. आता तो वाळला होता. तिनं चार बोटं आत घेऊन चिमटीत धरलं, गाठ मारायला दोरा उचलला, आणि थांबली.

मग ती चार बोटं तिनं पुन्हा बाहेर सोडली, आणि तिथं गाठ मारली.